हवेला ठेच लागली पाहिजे

हिलाल आबांची मी सात वर्षांत सात वेळा माफी मागितली, आणि त्यातली एकही खरी नव्हती.

आम्ही जैन माणसं. पर्युषण संपताना संवत्सरीला ओळखीच्या प्रत्येकाला हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. माझ्या हातून कळत-नकळत काही वाईट घडलं असेल तर ते निष्फळ होवो, असा त्याचा अर्थ. लहानपणी जळगावात वडिलांबरोबर, म्हणजे फुलचंदजींबरोबर, मी घरोघर फिरत असे. ज्याच्याशी वर्षभर अबोला, त्याच्या दारात वडील आधी जायचे. आता ती कटकट उरलेली नाही. कमळाचं चित्र, खाली चार ओळी, आणि फोनमधल्या तीनशे चौदा माणसांना एका दमात रवाना. त्या तीनशे चौदांत 'हिलाल आबा वर्कशॉप' असं एक नाव होतं. दरवर्षी चित्र जायचं, दरवर्षी तिकडून जोडलेल्या हातांची खूण यायची, आणि मी साबुदाण्याचे पापड वाळवून झालेल्या बाईसारखी निवांत व्हायची. काम उरकलं.

गेल्या संवत्सरीला खूण आली नाही. आवाजातला निरोप आला. मागे एसटीचा हॉर्न, मग आबांचा घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग, "चेलना बेटा, तुन्हा हाई चित्र दरसाल येस. माफी, माफी. माले समजत नही, तू कसानी माफी मांगस? दुसराले धाडानं व्हतं, ते माले येस का?"

एवढंच. मी तो निरोप जळगावात, मी शिकवते त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकला, आणि समोरच्या मॅडमनी विचारलं, "काय गं, कोणी गेलं का?" मी म्हटलं, नाही. तोंड मात्र तसंच झालं असणार.

ते भोळेपणाने विचारत होते की मुद्दाम, हे मला आजही सांगता येणार नाही. पण प्रश्न बरोबर होता. कसली माफी, ते मी कधीच सांगितलं नव्हतं. तेवढं एक वाक्य गिळायला मला सात वर्षं काहीच जड गेलं नाही, याची लाज वाटते.

हिलाल दगडू बैसाणे सोनगीरचे. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, दिवसभर हातोड्यांची ठकठक. आबांच्या घरात तो धंदा नव्हता, वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. पण पोरगा शाळेतून येताना तांबटांच्या ओट्यावर तासन्‌तास उभा राहायचा. दहावीनंतर धुळ्यात आयटीआय केलं, फिटर झाले, आणि चोविसाव्या वर्षी तिथल्याच देवपुरातल्या, मी पुढे पीएचडीला गेले त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून लागले. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगून आता कोणाचं भलं होणार नाही. सोनगीर ते देवपूर रोज वीस किलोमीटर, आधी एसटीने, मग एका जुन्या लूनावर. मदतनिसाचे ते वर्कशॉप इन्स्ट्रक्टर झाले. तीस वर्षांत पोरांच्या किती तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, मोजदाद नाही.

माणूस बुटका, काळासावळा, डोक्यावर केस बेताचे, खिशाला कायम पोलादी पट्टी अडकवलेली. बोलणं कमी. चिडले की खानदेशी आणखी दाट व्हायची. मुंबई-पुण्याहून आलेली पोरं त्यांच्या 'आहे'ऐवजीच्या 'शे'ला हसायची, आणि आबा ते ऐकून सावकाश म्हणायचे, "हासी ल्या. मंग काम करा."

त्यांची एक सवय सगळ्या कॉलेजला माहीत होती. कुठलाही भाग तयार झाला की ते कानस घेऊन त्याच्या सगळ्या कडा हलकेच मोडायचे, म्हणजे घासून त्यांची धार घालवायचे, आणि मग तो आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवायचे. ओरखडा उठला नाही तरच तो भाग दुसऱ्याच्या हातात. "लोखंडनी कड कोनले वळखस नही," ते म्हणायचे. पोरांनी घाईत तसाच दिलेला जॉब ते परत फेकायचे. फिटरचं शिक्षण म्हणजे काय, तर त्यांच्या मते हेच.

आणि मी कोण? कापडदुकानदाराची मुलगी, घरातली पहिली इंजिनिअर, पीएचडीला आलेली. अंगात मस्ती भरपूर. माझा विषय होता गॅस टर्बाइनची पाती थंड कशी ठेवायची.

विषय सांगते, घाबरू नका. विमानाच्या इंजिनात किंवा वीजघरातल्या गॅस टर्बाइनमध्ये जळत्या वायूच्या झोतात पाती फिरत असतात. तो वायू इतका तापलेला असतो की पात्याचा धातूही वितळून जावा. तरी पातं टिकतं, कारण ते आतून पोकळ असतं आणि त्या पोकळीतल्या अरुंद वाटांमधून थंड हवा खेळवलेली असते. आता गंमत अशी की हवा गुळगुळीत वाटेवरून सरळ गेली, तर ती फारशी उष्णता नेत नाही. भिंतीलगत हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो, तो तापतो आणि बाकीच्या हवेला भिंतीला शिवूच देत नाही. म्हणून त्या वाटेत आडवे कांगोरे काढतात. हवा त्यांच्यावर आपटते, घुसळते, भोवरे होतात, तो चिकट थर मोडतो आणि गार हवा थेट भिंतीला भिडते. याला आमच्या भाषेत टर्ब्युलन्स म्हणतात. हवा जितकी सैरभैर, तितकं पातं गार. फक्त घुसळली की ती पुढे ढकलायला जोरही जास्त लागतो. फुकट काहीच मिळत नाही.

प्रयोगासाठी मला पात्यातली ती वाट मोठी करून हवी होती. हातभर लांब चौकोनी नळी, तिच्या तळाला अ‍ॅल्युमिनिअमची पाटी, पाटीवर चाळीस कांगोरे, प्रत्येक तीन मिलिमीटर उंच. पाटीखाली हीटर, पाटीत तापमान मोजायच्या तारा, एका टोकाला ब्लोअर. माझं रेखाचित्र घेऊन मी आबांकडे गेले. इन्स्ट्रक्टरला एवढं समजावून सांगायची पद्धत नव्हती. मापं द्यायची, माल घ्यायचा. पण ते विचारत राहिले. कांगोरा कशाला? चौकोनीच का? मग मी खडू घेतला आणि त्यांच्या बाकावरच चित्र काढलं. आबांनी ते बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे हवाले ठेच लागाले पाहिजे," ते म्हणाले.

मी थक्क झाले. चार पुस्तकं वाचून मला जे इंग्रजीत सुद्धा धड सांगता येत नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. मी ते वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलं. पुढे पोरांना शिकवताना मी ते माझं म्हणून वापरते. हाही त्यातलाच गुन्हा, पण लहान.

पाटी व्हायला पंधरा दिवस लागले. मिलिंग मशीन जुनं, त्यात आबांचा चोखंदळपणा. पाटी माझ्या हातात दिली तेव्हा ते जरा कावरेबावरे होते. "कड नही मोडी मी," ते म्हणाले. "पहिलीच येळ. मोडी तं ठेच लागाव नही. जपीसन धर."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने कडा न मोडता वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली होती. माझ्या प्रयोगासाठी त्यांनी आपला नेम मोडला. हे तेव्हाही मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तिसऱ्या दिवशी पाटीत तारा बसवताना माझं बोट कापलं. उजव्या हाताची तर्जनी, बऱ्यापैकी खोल. दोन टाके पडले. चाळीस कांगोऱ्यांमध्ये साठ तारा बसवायच्या होत्या आणि प्रत्येक वेळी कुठे ना कुठे ओरखडा. चौथ्या दिवशी मी वैतागून पाटी उचलली आणि वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांच्या बाकावर ठेवली.

"आबा, याच्या कडा मोडून द्या."

"मंग ठेच कशी लागी?"

"मिलिमीटरभर कड गेली म्हणून हवेला कळणार आहे का?"

हे माझं वाक्य. जसंच्या तसं. हवेला कळणार आहे का! जिला हवेच्या वागण्यावर पीएचडी करायची होती, ती हे बोलली.

आबांनी पाटीकडे पाहिलं, माझ्या बोटाच्या पट्टीकडे पाहिलं. "तू सांगस तं करस," ते म्हणाले, आणि त्यांनी कानस घेतली. दोन दिवस बसून त्यांनी चाळीस कांगोऱ्यांच्या ऐंशी कडा एकसारख्या गोल केल्या. मनगटावरून फिरवून पाटी परत दिली.

आकडे खाली आले. जे यायला हवे होते त्यापेक्षा बरेच खाली. गुळगुळीत पाटीच्या अडीचपट उष्णता जायला हवी होती, ती दुपटीलाही पोचत नव्हती. मी हीटर तपासला, तारा बदलल्या, नळीच्या फटी बुजवल्या. महिनाभर मी सगळं तपासलं, फक्त कडा सोडून. एकदा आबा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. "बेटा, कड तं नही ना नडनी?" मी म्हटलं, छे, ब्लोअरचा घोळ आहे. खरं म्हणजे मला शंका आली होती. पण शंका खरी ठरली तर चूक कुणाची, तेही लगेच ठरलं असतं.

हा प्रकल्प बाहेरच्या मदतीवर चालला होता, त्यामुळे मार्चमध्ये पाहणीला एक तज्ज्ञ आले. लॅबमध्ये आम्ही नऊ जण होतो: ते तज्ज्ञ, आमचे विभागप्रमुख म्हणजे माझेच मार्गदर्शक सर, तीन प्राध्यापक, दोन सहविद्यार्थी, मी, आणि नळी उघडून दाखवायला बोलावलेले आबा. तज्ज्ञांनी आकडे पाहिले, नळी उघडायला लावली. पाटीवर अंगठा फिरवला आणि हसून म्हणाले, "याच्या कडा कुणी गोल केल्या?"

सरांचा चेहरा पडला. "कुणी केलं हे?"

माझ्या तोंडात शब्द होता. शपथेवर सांगते, होता. पण मी आधी सरांकडे पाहिलं, मग तज्ज्ञांकडे, आणि तेवढ्यात उशीर झाला.

"मी केलं, साहेब," आबा म्हणाले. साहेबांशी ते शुद्ध बोलायचे. "कड हाताला कापत होती."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. त्यांनी मला सोडवलं, आणि मी सुटले. एवढं सोपं होतं ते.

पुढे सर जे बोलले ते सगळं लिहीत नाही. "या लोकांना सवयच असते, कानस दिसली की घासायची." "तीस वर्षं मशीनसमोर उभं राहून अक्कल येत नाही." 'या लोकांना' म्हणताना त्यांचा सूर वेगळा लागला होता, बैसाणे आडनावाच्या माणसाने तो सूर आयुष्यात पुष्कळदा ऐकला असेल. आबा हात मागे बांधून उभे होते. ज्या कडा त्यांनी समजून उमजून राखल्या होत्या, त्याच कडांवरून त्यांना काही समजत नाही असं नऊ माणसांत, म्हणजे त्यांना वगळून आठ माणसांत, सांगितलं गेलं. आणि खरं काय ते जाणणारी एकटी मी, बोटावरच्या टाक्यांच्या खुणेवरून अंगठा फिरवत उभी.

आठवड्यात आदेश निघाला. हिलाल बैसाणे यांना वर्कशॉपमधून काढून मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर नेमण्यात येत आहे. नोकरीची तीन वर्षं राहिली होती. ती त्यांनी खुर्चीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहीत काढली.

मी त्याच वसतिगृहात राहत होते. म्हणजे रोज दोनदा, कधी चारदा, मी त्यांच्यासमोरून गेले. मी मान खाली घालून जायची. ते मात्र विचारायचे, "चालस का काम?" मी म्हणायची, "चाललंय, आबा." उद्या सांगू, परवा सांगू. सर जरा निवळले की सांगू. प्रबंध दिला की सांगू.

आणि काम खरंच चाललं, हे सगळ्यात वाईट. नाशिकच्या एका कारखान्यातून धारदार कडांची दुसरी पाटी करून आणली, तिचे आकडे पुस्तकाप्रमाणे आले. मग सरांनीच दोन्ही पाट्यांचे आकडे शेजारी ठेवले, आणि आम्ही दोघंही चमकलो. गोल कडांच्या पाटीने उष्णता कमी नेली होती हे खरं, पण हवा ढकलायला लागणारा जोर त्याहून कितीतरी जास्त कमी झाला होता. वर खऱ्या पात्यांत ओतकामामुळे कडा थोड्या गोल होतातच. म्हणजे आबांच्या पाटीतून जे दिसत होतं ते उपयोगाचं होतं. माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग त्यावर उभा राहिला. निबंध छापून आला. त्यात वाक्य आहे: 'तुलनेसाठी कांगोऱ्यांच्या कडा मुद्दाम गोल करण्यात आल्या.' मुद्दाम! आणि शेवटी आभारांत 'वर्कशॉपमधील कर्मचारी'. ज्या कामासाठी एका माणसाला फाटकावर बसवलं, त्याच कामासाठी दुसरीला डॉक्टर केलं. त्या दिवशी मी आबांना पेढा दिला. त्यांनी तो खाल्ला, आणि दुसरा घरी न्यायला मागून घेतला.

नोकरी लागली, मी जळगावला परतले. आबा निवृत्त झाले. आणि मी दरवर्षी कमळाचं चित्र पाठवत राहिले.

तर तो निरोप आला, आणि दुसऱ्या रविवारी मी निघाले. जळगावहून धुळे, धुळ्याहून शिरपूरची एसटी. वाटेत वाक्य घोकत होते. मोठं होतं वाक्य. त्यात परिस्थिती होती, माझं वय होतं, सरांचा धाक होता. सोनगीरला उतरेपर्यंत त्यातलं एकेक मलाच पटेनासं झालं.

घर किल्ल्याच्या अंगाला, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. शेडीत दोन शेळ्या आणि कपाशीच्या काड्यांचा ढीग. आबा ओट्यावर बसले होते. वाळले होते, पण मी आहे म्हटल्यावर चटकन उठले. "वं! चेलना! कशी उनी तू? ये, बस." आत हाक दिली, "देख वं, जळगावनी मॅडम उनी. चहा ठेव."

द्रौपदाबाई, आबांच्या पत्नी, दारात आल्या. उंच, ताठ बाई, कपाळ रुंद, नजर सरळ. मला नीट न्याहाळलं. "हाईच का ती?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. आबा म्हणाले, "हाईच." त्या आत गेल्या आणि गॅस पेटल्याचा आवाज आला.

मी शेडीकडे पाहून काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आबा, तुम्ही निवृत्तीनंतर इथे लेथ टाकणार होतात ना?" वर्कशॉपमध्ये ते नेहमी म्हणायचे, हायवेला गाव आहे, ट्रॅक्टरची, मोटारींची कामं पुष्कळ येतील.

"टाकनार व्हतू," ते म्हणाले. "घरना नको म्हने. राकेश म्हने, बाबा, तुम्हना हात आते पहिलासारखा नही, बोट जाई मशीनमा. सायबनी उगाच काढं का तुम्हले वर्कशॉपमाईन?" राकेश त्यांचा मुलगा, सुरतेला असतो. आबा हे रागाने सांगत नव्हते. पोराचंही बरोबर आहे, असंच काहीसं तोंडावर होतं.

आता मात्र मला बसवेना. मी घोकलेलं सगळं सोडलं. "आबा, त्या कडा मोडायला मी सांगितलं होतं. तुम्ही नको म्हणत होता. सरांसमोर मी गप्प बसले. भ्याले म्हणून नाही नुसती, मला माझं नाव खराब करायचं नव्हतं. चूक माझी होती आणि भोगलंत तुम्ही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"माले काय सांगस?" ते म्हणाले. "मी तं तठेच व्हतू."

ते तिथेच तर होते. मला हसू आलं असतं, इतकं ते साधं होतं. मग त्यांनी मान आतल्या खोलीकडे वळवली. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "तिले सांग."

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. "माले नको. तिले सांग."

मी आत गेले. चहा उकळायला आला होता. मी द्रौपदाबाईंना सगळं सांगितलं. मराठीत, उभ्यानेच, बोट कापल्यापासून ते पेढ्यापर्यंत. माझं झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला. चहा तसाच राहिला.

"त्यासनी माले तव्हयच सांगं व्हतं," त्या म्हणाल्या. "फाटकवर बसाडं त्याच दिन. पोरनी सांगं म्हनीसन करं, मी तिनं नाव लिधं नही, आसं. मीच म्हनं, खोटं बोलतस तुम्ही. इतली शिकेल पोर, ती उगी राही का? ती बोलती. तुम्हनाच हात चुकना, आनी पोरवर ढकलतस."

त्यांनी पदराने हात पुसले, कोरडेच होते ते.

"सात वरीस मी या माणूसले खोटा म्हने. पोरसनी बी तेच धरं. त्यासनी परत कधी सांगं नही."

मी रडायला लागले. मला वाटतं, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवावा अशी माझी अपेक्षा होती. आमच्याकडे माफी मागितली की समोरचा लगेच हात जोडून 'खमावतो', म्हणजे क्षमा करतो, आणि हिशेब तिथे मिटतो. द्रौपदाबाईंनी तसलं काही केलं नाही. त्यांनी विचारलं, "सायब त्यासले बोलना, तव्हय तठे कितला लोक व्हतात?"

"आठ. मला धरून."

"आनी आते मी येकली शे."

बाई खरं बोलत होती. भर लॅबमध्ये घेतलेली अब्रू मी स्वयंपाकघरात आणून देत होते, तीही सात वर्षांनी, दार लोटून.

"त्या बठ्ठासले सांग," द्रौपदाबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांना. "मंग ये. चहा तव्हय पिजो."

त्या बाहेर ओट्यावर गेल्या आणि नवऱ्याशेजारी बसल्या. आबा शेळ्यांकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं, फाटकावर नाही, त्या दिवशी लॅबमध्येही नाही. मी चपला घातल्या. जाते म्हटलं. कोणी थांब म्हणालं नाही.

हायवेवर धुळ्याची एसटी यायला अवकाश होता. मी फोन काढला. तज्ज्ञांचा नंबर माझ्याकडे होता, प्राध्यापकांचे होते, दोघा सहविद्यार्थ्यांचे होते. 'मुद्दाम' या एका शब्दापायी माझ्या प्रबंधाचं काय होईल, माझ्या नोकरीचं काय होईल, हा विचार आला, आणि तो आला याचीही लाज वाटली. सगळ्यात आधी सरांना लावला. सर आता निवृत्त आहेत, देवपुरातच राहतात. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला, माझा आवाज ऐकून खूश झाले, नवीन काय छापलंस म्हणून विचारलं.

"सर, मला हिलाल आबांविषयी बोलायचंय."

पलीकडे टीव्ही चालू होता त्यांच्याकडे.

"कोण हिलाल?" सरांनी विचारलं.

एसटी आली, थांबली, निघून गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले.